सोंड नसलेला हत्ती

आमच्या घराण्यात दारी हत्ती झुलवणारा माणूस एकच झाला, आणि तोही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा. ते माझे थोरले काका. शहरातल्या जुन्या बागेत ते माळी होते, आणि त्यांचा हत्ती मोरपंखीचा होता. जवळजवळ लावलेली झाडं वर्षानुवर्षं छाटून छाटून त्यांनी ती पाठ, ते कान आणि ती सोंड काढली होती. लोक काकांना हत्तीवाले म्हणायचे. स्वतःचं नाव कुणी विचारलं तर त्यांना क्षणभर आठवावं लागत असेल, असं आम्ही पोरं म्हणायचो.

बाग मुळात लोकांसाठी नव्हतीच. कुणा धनिकाची ती खासगी बाग, भिंतीवर फुटक्या काचा लावलेल्या. तो गेल्यावर भावाभावांत वाटणी होईना. मग त्यातल्या एकानं दुसऱ्याला मिळू नये एवढ्यासाठी ती नगरपालिकेच्या गळ्यात घालण्याची टूम काढली आणि बाकीच्यांनी चिडून सह्या केल्या. भांडणाचा इतका उपयोग आमच्या शहराला पुन्हा कधी झाला नाही.

पुढे तिथे बँड वाजायला लागला. बँड बंद पडला आणि त्या चौथऱ्यावर प्रेमी जोडपी बसू लागली. हरणं आली, हरणं गेली. त्यांच्या पिंजऱ्यात झाडू ठेवायला लागले. मुलांची आगगाडी आली, ती रुळांवर कमी आणि दुरुस्तीत जास्त असायची. प्रत्येक नवा साहेब आपली एक हौस आणायचा आणि पुढचा साहेब ती उचलायचा. हत्तीला कुणी हात लावला नाही. त्याला दाणापाणी लागत नव्हतं, एक कात्री तेवढी लागायची.

काकांचं लग्नही हत्तीपाशीच ठरलं. काकू तेव्हा आपल्या थोरल्या भावाबरोबर मुलगा बघायला बागेत आली होती. मुलगा शिडीवर. हत्तीचं धड झालं होतं, शेपूट झाली होती आणि तोंडाकडे नुसतं बोडकं. काकूनं खालून विचारलं, "सोंड कुठाय?"

काका घाबरून म्हणाले, "सोंड वाढायला वेळ लागतो."

"मग थांबू की," काकू म्हणाली.

हा किस्सा काकू आल्यागेल्याला सांगायची आणि काका दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे लाजायचे. बागेच्या मागच्या भिंतीला लागून त्यांच्या खोल्या. दुपारी काकू किटलीत चहा घेऊन यायची आणि हत्तीसमोरच्या बाकावर बसून चुका काढायची. डावा कान उतरलाय, मागचा पाय सुजलाय. काका पुन्हा शिडीवर. मूलबाळ नव्हतं. नातेवाईक त्यावरून बोलायचे, तेव्हा काकू म्हणायची, आहे की, जरा अंगानं मोठं आहे एवढंच.

मी नोकरीसाठी शहरात आलो तो त्यांच्याकडेच राहिलो. त्याच सुमारास काकू विसरायला लागली. आधी दुधाखालचा गॅस विसरली, मग वाण्याच्या दुकानाची वाट, मग मला. शेवटी काकांनाही. घरात ती त्यांना भाडेकरू समजायची आणि खोली कधी सोडताय म्हणून विचारायची. काका मला म्हणायचे, "अजून भाडं मागत नाही, हे काय कमी आहे?" आणि पाठ फिरवून बराच वेळ भांडी घासत राहायचे.

पण दुपारी बाकावर नेऊन बसवलं आणि काका शिडीवर चढले, की समोर हत्ती आणि त्यावर वाकलेला तो माणूस बघून तिच्या डोळ्यांत ओळख यायची. "अहो, उतरा आता, चहा गार होतोय." दिवसभरात तेवढा वेळ ती त्यांची बायको असायची. काका केव्हाच निवृत्त झाले होते, तरी म्हणूनच रोज जायचे. बागेचे अधीक्षक भले माणूस. त्यांनी कात्री, शिडी काढून घेतली नाही. बाग नव्यानं करायची ठरली तेव्हाही त्यांनी काकांना बोलावून सांगितलं, की चौथरा जाईल, रूळ जातील, पण हत्ती राहील. काका त्या दिवशी शिट्टी वाजवत घरी आले. काकूनं मला हळूच विचारलं, भाडेकरूला लॉटरी लागली का?

मोरपंखीचा एक कायदा आहे. छाटायचं ते हिरव्यात. आतल्या तपकिरी लाकडापर्यंत कात्री गेली, की तिथे पुन्हा पालवी फुटत नाही. म्हणून दर छाटणीला थोडं हिरवं राखावं लागतं आणि झाड दरवर्षी किंचित फुगतं. काकांचा हत्ती असाच सुटत गेला होता. काका स्वतःही सुटले होते, पण त्यांना कुणी कात्री लावत नव्हतं.

एका दुपारी काकू बाकावर बसेचना. हत्तीकडे बघून म्हणाली, "हा आपला नव्हे. आपला बारीक होता."

आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी तेच. मग ती रोज फाटकापाशी अडून बसायची: आपल्या बागेत न्या, ही कुणाची तरी दुसरीच आहे. काका शिडीवरून हाका मारायचे. ती माझ्या मागे लपायची. म्हणायची, वरून ओरडणाऱ्या माणसाशी आपण बोलू नये.

काकांनी काही दिवस कळ काढली. मग एका सकाळी कात्रीला धार लावली आणि मला शिडी धरायला नेलं. पोटापासून सुरुवात केली. फांद्यांचा खच पडत होता, त्यांचा हात थांबत नव्हता.

मी म्हटलं, "काका, लाकूड दिसायला लागलं."

"दिसू दे," ते म्हणाले.

सोंडेपाशी मात्र ते थबकले. तिथे हात फिरवला, एकदा डोळे पुसले आणि कात्री घातली. तो कायदा मला त्यांनीच शिकवला होता. मी आणखी काय सांगणार?

दुपारी काकू आली. फाटकातच थांबली. तरणाबांड हत्ती उभा होता, अंगावर ठिकठिकाणी उघडी काटकी. ती सरळ जाऊन बाकावर बसली आणि म्हणाली, "अहो, किती वेळ झाला, उतरा की." काका इतक्या घाईनं उतरले की शेवटची पायरी चुकली. त्या दिवशी तिनं त्यांच्या केसांतला पाला काढला. असे थोडे दिवस मिळाले. काकांनी त्यात आजार, पाऊस काही आड येऊ दिलं नाही.

मग हत्ती पोटाकडून तांबूस व्हायला लागला. तांबूसचा तपकिरी झाला. सोंड आधी वाळली आणि एका वाऱ्यात गळून पडली. अधीक्षक आले, झाडाभोवती फिरले आणि म्हणाले, "हत्तीवाले, तुमच्याकडून?"

"वय झालं साहेब. हात चुकला," काका म्हणाले. खरं कारण त्यांनी सांगितलं नाही, मलाही सांगू दिलं नाही. नव्या बागेच्या नकाशातून हत्ती वगळला गेला.

यंत्र यायच्या आदल्या दुपारी आम्ही काकूला घेऊन गेलो. न्यायला नको असं मी म्हणत होतो. काका नेहमीसारखे शिडीवर चढले. छाटायला काही नव्हतंच. काकूनं बराच वेळ बघितलं.

"सोंड कुठाय?"

काकांनी शिडीचा दांडा घट्ट धरला. "सोंड वाढायला वेळ लागतो."

"मग थांबू की," ती म्हणाली. मग माझी बाही ओढून कानात कुजबुजली, "दादा, माणूस बरा वाटतोय. हो म्हणून टाक."

मी तिच्या भावाच्या वतीनं हो म्हणून टाकलं. वर काका पाठमोरे होते, आणि शिडी हलत होती.

आता तिथे गुळगुळीत फरशी आहे, सकाळी लोक भराभर चालतात. चांगली झालीय बाग, खोटं कशाला बोला. काकू तिथे यायला तयार नसते. शिडी आमच्या जिन्याखाली आहे.

परवा काका तिचे केस विंचरायला बसले, तर तिनं अंग चोरलं. रागावली नव्हती, उलट समजुतीच्या सुरात म्हणाली, "असं बरं दिसत नाही. माझं ठरलंय."

काकांनी विचारलं, "कुणाशी?"

"बागेतले माळी आहेत. तेवढी सोंड झाली की लग्न."

"कसा आहे माणूस?"

"चांगला आहे," काकू म्हणाली. "फक्त वेळ फार लावतो."

काकांनी मान हलवली. भावाचं चालतं म्हणून फणी माझ्या हातात दिली आणि ते बाहेर पायरीवर जाऊन बसले.