पावडर सरकल्याचा आवाज

ताईचा फोन आला तेव्हा मी सुरतेजवळच्या सचिन गावात, आमच्या कारखान्याच्या रंगखात्यात ओल्या साड्या उलगडून बघत उभा होतो. "भाऊ, तुन्हा दाजी उठी नही राहिनात..." एवढंच ती म्हणाली. दुपारी जेवून जरा आडवे झाले ते धनराजदाजी उठलेच नाहीत. आज महिना उलटून गेला. खोटं वाटेल, पण रिक्षाने कोसाडला त्यांच्या घरी जाताना माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता रमणभाईंना कोण कळवणार? रमणभाई म्हणजे दाजींचे सगळ्यात जुने दोस्त, मासेमारी बोटीचे मालक. आणि गेले काही महिने दोघांचं बोलणं बंद होतं.

दाजी इच्छापोरला आग विझवायचे लाल सिलिंडर भरायच्या दुकानात होते. सुरतेत आम्ही त्याला फायरचा बाटला म्हणतो. कारखान्यांचे बाटले बाकीचे लोक बघायचे, दाजींना मात्र खाडीतल्या बोटींचे बाटले आवडायचे. मला आधी कळायचंच नाही, भिंतीवर टांगलेल्या बाटल्यात एवढं रमण्यासारखं काय आहे? मग एकदा त्यांच्याबरोबर बोटीवर गेलो. इंजिनच्या सततच्या हादऱ्याने आतली पावडर तळाशी घट्ट बसते, खारं पाणी बुडाचा पत्रा खातं, आणि वरचा दाब दाखवणारा काटा मात्र हिरव्या रंगावर ऐटीत उभा असतो. "काटा हिरवामा शे, पण बूड दख ना," दाजी म्हणायचे आणि बुडाच्या कडेचा रंग नखाने खरवडायचे. मी प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडायचो. काढलेली पावडर कुठे जाते? पोत्यात बंद करून, केमिकलचा कचरा नेणाऱ्या गाडीत. खाडीत का नाही ओतायची? "मासा काय ती पावडर सर्दीखोकलावर औशद म्हनीसन खातीन का?" असं म्हणून स्वतःच खो खो हसायचे.

त्यांची खरी गंमत होती ती कानाची. बाटला उलटा धरायचा, हलवायचा, बुडाला कान लावायचा आणि डोळे मिटून थांबायचं. आत पावडर सरकली की चेहरा खुलायचा. मलाही लावायला सांगायचे. मला कधी म्हणजे कधी काही ऐकू आलं नाही. पुढे ही खोड घरात शिरली. बेसनाचा डबा असो की कपडे धुवायच्या पावडरीचा, हातात आला की उलटा आणि कानाला. ताई करवादायची, "दख, परत डबाले कान लाईसन बठना!" पाहुण्यांसमोर तर तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तर रमणभाईंचा बाटला. फार वर्षांपूर्वी त्यांच्या बोटीच्या इंजिनाने भर समुद्रात पेट घेतला होता, तेव्हा त्याच बाटल्याने बोट आणि माणसं वाचवली. दाजींनी तो पुन्हा भरून दिला आणि त्या दिवसापासून तो देव झाला. त्याला कुंकू, हार, अगरबत्ती... पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून रंगवतात, तेव्हा बोटीबरोबर बाटल्यालाही दरवर्षी लाल रंगाचा नवा हात. रंगावर रंग चढत गेला आणि खाली गंज निवांत पत्रा खात बसला. दाजींनी बदलायला सांगितलं की रमणभाई काचेवरचा काटा दाखवत, "अरे, नवा जेवो छे!"

गेल्या पावसाळ्यात दाजींनी तो तपासायला म्हणून दुकानात आणला. दाब सोडला, पावडर काढली, आणि नियमाप्रमाणे पुन्हा कोणी भरू नये म्हणून बुडाला ड्रिलने भोक पाडलं. नियम शंभर टक्के बरोबर होता. पण देवाला भोक पाडण्याआधी भक्ताला विचारावं, हे काही दाजींच्या डोक्यात आलं नाही. रमणभाईंनी तो भोकाचा बाटला छातीशी धरला आणि तडक निघून गेले. दाजींनी माणसाहाती नवा बाटला पाठवला, फोन केले. उचलला नाही. "त्याले इचाराले पाहिजे व्हतं, भाऊ," ते मला म्हणाले होते. पुढे हंगाम सुरू झाला, बोटी समुद्रात गेल्या आणि दाजींचा एकच प्रश्न उरला, नवा बसवला असेल का त्याने? जेवताना, टीव्ही बघताना, मध्येच... बसवला असेल का? मला त्यांचा राग यायचा. एवढं आहे तर जा ना स्वतः! पण ते गेले नाहीत. आणि मग जायचं राहूनच गेलं.

दिवसकार्य झाल्यावर मीच खाडीवर गेलो. रमणभाई जाळं शिवत बसले होते. बातमी त्यांना कळली होती. मी विचारायच्या आधीच उठले, फळीवरून मला बोटीवर घेऊन गेले. इंजिनाच्या दाराशी नवा बाटला टांगलेला होता. "काणामां आंगळी नाखीने जोयुं," ते खाली बघत म्हणाले, "पतरुं पापड जेवुं." भोकात बोट घातल्यावर पापडाएवढा पातळ पत्रा त्यांच्या हाताला लागला होता. मग फोन का नाही केला? "करवानो ज हतो, भाई... करवानो ज हतो." करणारच होते ते. त्यांनी बाटला हुकावरून काढला, उलटा केला, हलवला आणि डोळे मिटून कान लावला. "रोज सवारे करुं छुं," म्हणाले आणि तो माझ्या हातात दिला.

मी कान लावला. आधी नुसतंच पाणी बोटीवर आपटत होतं. मग आत काहीतरी हळूच घसरलं, सुपातून पीठ घसरावं तसं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकू आलं, आणि सांगायला दाजी नव्हते.

संध्याकाळी कोसाडला जाऊन ताईला सगळं सांगितलं. नवा बसवलाय, रोज कान लावतात, सगळं. ती भाकरी थापत होती. हात पुसून उठली, फळीवरचा बेसनाचा डबा काढला, उलटा धरला आणि कानाला लावून उभी राहिली. तव्यावरची भाकरी मग मीच उलटली.