करावेतलं उन्हाचं घर

नंदकिशोर दमला होता. वय अठ्ठावन्न, आणि त्यातली बत्तीस वर्षं बेलापूरच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात फ्लॅटचे नकाशे काढण्यात गेलेली. खारघरला त्याने काढलेल्या इमारतींत भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो. बिल्डरला फूट न् फूट विकायचा असे, उन्हाला कोण विचारतो! हा मुकाट्याने रेघा मारी आणि घरी येऊन बायकोवर, स्मितावर, चिडचिड करी. तीही आता ऐकून ऐकून कंटाळली होती.

निवृत्त झाल्यावर करावे गावच्या हिरामण कोळ्याने विचारलं, "सर, आमचं खाडीकडचं घर नवीन बांधायचंय, तुमीच काढा ना." आयुष्यात एक तरी घर उन्हाचं व्हावं, एवढीच इच्छा नंदकिशोरला उरली होती. चार महिने तो होकायंत्र घेऊन त्या जागेवर रापत बसला. अंगण पूर्वेला आणि त्याला लागून स्वयंपाकघर, म्हणजे हिरामणच्या आईला, पुतळाबाईंना, सकाळचं ऊन मिळावं. पश्चिमेच्या उन्हाने ओटा तापू नये म्हणून त्या बाजूला शेजाऱ्याच्या हद्दीला खेटून अख्खी भिंत, खिडकी एकही नाही. त्या भिंतीचा त्याला भारी अभिमान.

भिंत उभी राहिली. बाहेरून प्लास्टर करायचं तर शेजारच्या गोटीरामच्या बोळात परांची बांधायला हवी, म्हणून सकाळी दहाला तो परवानगी मागायला गेला. गोटीरामची बायको काशी ट्यूबलाइटखाली जवळा निवडत होती. तिच्या समोर खिडकी, आणि खिडकीबाहेर बोळापलीकडे नंदकिशोरची भिंत.

"बांधा की परांची," काशी म्हणाली. "पयले पुतळाचं अंगन या बाजूला होतं, त्यातून सकालचा उजेड यायचा, त्यात निवडायची मी. आता डोले दुखतान." आवाजात तक्रारसुद्धा नव्हती. नंदकिशोरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर बिल्डरला शिव्या घातल्या आणि स्वतः तरी काय वेगळं केलं?

तसाच तो पुतळाबाईंकडे आला. "मावशी, काशीबाईंचा उजेड गेला हो."

"ठाव हाय. मी हिरामनला बोललेली, काशीची खिरकी हाय तिथं. तो बोलला, सरांनी ऊन मोजलंय, तू गप बस."

नंदकिशोर पायरीवर बसला. ही भिंत फोडून मोठी जाळी बसवली तर अंगणातला उजेड स्वयंपाकघरातून आरपार काशीच्या खिडकीत जाईल, हे त्याला दिसत होतं. पण मग चार महिन्यांची मेहनत पाण्यात. "जाळी केली तर काशीबाईंना उजेड मिळेल," तो कसाबसा म्हणाला. "पण चार ते सात तुमच्या ओट्यावर ऊन येणार. तिथं उभं राहवणार नाही."

"तापूं दे. तवा मी घरान असते कवा? तीनला मासलीची पाटी घेऊन मार्केटला जाते, ती आठला येते. चालीस वरसं झाली."

चार महिने त्याने सूर्याच्या वेळा लिहून काढल्या होत्या, या बाईच्या एकदाही विचारल्या नव्हत्या. त्याने गवंड्याला हाक मारली आणि कुठे फोडायचं ते भिंतीवर खडूने आखून दिलं.