एडनहून आलेल्या अस्थी

धाकटा भाऊ एडनला वारल्याची तार आली, त्या दिवसापासून गाभाऱ्यात शिरताना माझे पाय जड होऊ लागले. आम्ही वैशाखऱ्याचे गुरव. महादेवाची पूजा आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. भावाचा जीव मात्र त्यात रमला नाही. तो गवंडीकाम शिकला आणि लढाई सुरू झाल्यावर एका ठेकेदाराबरोबर बोटीत बसून एडन बंदरावर बांधकामाला गेला. निघताना त्याने देवाला नारळ फोडला होता आणि सांभाळून आण म्हणून गाऱ्हाणं मीच घातलं होतं. तारेत एवढंच होतं की तापाने गेला. कुठे गेला, कुणी पाहिलं, पुढे काय केलं, त्यातलं काहीच नव्हतं.

त्याची बायको रडली नाही. माझ्यासमोर ती कधी उभी राहत नसे, बोलायची वेळ आलीच तर दाराआडून बोलायची. त्या संध्याकाळी मात्र ती डोक्यावरचा पदर धरून ओट्यावर आली आणि म्हणाली, "भावजी, तुमी त्यांना घरी आना. मी बघल्याशिवाय कुकू पुसनार नाय." बायकांनी तिला समजावलं, थोडं दटावलंही. ती रोज कुंकू लावत राहिली, पाणवठ्यावर जात राहिली. जेवणाचं ताट मात्र जसंच्या तसं उचलायची. गावात कुजबुज सुरू झाली. दिवस घालायचे तर कशाच्या आधारावर, हे मलाही कळेना. गुरवाच्या घरातलं माणूस परमुलखात अग्नीवाचून पडलंय, या विचाराने माझी झोप उडाली होती.

मी मुंबईच्या खेपा सुरू केल्या. मुरबाडपर्यंत बैलगाडी, पुढे कल्याणपर्यंत मोटार आणि मग आगगाडी. परदेशी गेलेल्या मजुरांची चौकशी जिथे होत असे, ती कचेरी गोदीजवळ होती. तिथल्या कारकुनाने पहिल्या खेपेला नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या खेपेला तो चिडला. "बोटींत सैनिकांना जागा नाही आणि तुम्ही प्रेत मागता? पुरलं असेल तिकडेच. घरी जा आता." पुरलं असेल हे त्याने इतक्या सहज म्हटलं की मी तसाच कचेरीबाहेर पडलो. घरी येऊन भावजयीला मी हे सांगितलं नाही. चौकशी चालू आहे एवढंच म्हणालो. पूजा चुकवली नाही, पण तोंडातून मंत्र निघेना. पिंडीवर पाणी ओतायचं आणि पाठ फिरवायची. देवाला विचारावं असं पुष्कळ होतं, पण विचारायचीही इच्छा राहिली नव्हती.

शेवटची खेप मी भावजयीच्या तोंडाकडे पाहून केली. ती इतकी वाळली होती की पायरी चढताना भिंत धरायची. यातून काही निघणार नाही हे ठाऊक असूनही मी गेलो. जाताना देवळाकडे पाहिलंसुद्धा नाही. कारकुनाने मला ओळखलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पुन्हा आलात का हो वैशाखरेवाले?"

भिंतीकडेच्या बाकावरून एक बाई उठली. लाल लुगडं, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, पायाशी कापडी गाठोडं. वसईकडची ख्रिस्ती बाई हे पाहताक्षणीच कळत होतं. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "भाऊ, वैशाखरे खरंच हाय? मना सगळे सांगतात, असा गाव नाय."

हिचं आमच्या गावाशी काय काम, म्हणून मी तिला बाकावर बसवून विचारलं. ती एडनच्या इस्पितळात आया होती. माझा भाऊ तिच्याच वॉर्डात होता. तो गेल्यावर इस्पितळाचे लोक त्याला पुरायला निघाले, तेव्हा ही बाई तिथल्या हिंदू व्यापाऱ्यांच्या पेढीवर जाऊन बसली आणि त्यांना घेऊनच परतली. त्यांनी अग्नी दिला. अस्थी तिने मागून घेतल्या. "आमच्यात पुरतात, तुमच्यात जालतात, येवढा मना ठाव हुता," ती म्हणाली. "त्याची बायको वाट बघते, असा तो सांगायचा. मग टाकून कशी येऊ?" नोकरी सुटून ती घरी परतली होती आणि गावाचा पत्ता लागतो का हे विचारायला त्याच दिवशी पहिल्यांदा कचेरीत आली होती.

मी हात पुढे केले, पण तिने गाठोडं दिलं नाही. त्याच्या बायकोच्या हातातच देईन म्हणाली. माझ्याबरोबर ती वैशाखऱ्यापर्यंत आली. गाडीच्या धक्क्यांनी तिची कंबर धरली होती, तरी गाठोडं मांडीवरून हललं नाही.

अंगणात बाईने गाठोडं सोडलं. भावजयीने त्यातलं अस्थींचं मडकं पाहिलं आणि मागे सरली. "ही कोनाची हाडं?" ती म्हणाली. "मी कसा मानू? तिकडं काय एकच मानूस मेला असंल?" बाई तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"बाय, मी खोटा कशाला सांगू? तापात तो सारखा एकच बोलायचा. 'शेनव्याची, पानी दे. शेनव्याची, दार लाव.' मी पानी द्यायची. पन शेनव्याची म्हंजे काय, ता मना आजवर कलला नाय."

भावजयीचं माहेर शहापूरकडचं शेणवे. बायकोचं नाव घ्यायचं नाही म्हणून माझा भाऊ तिला घरात तशीच हाक मारायचा. कचेरीत, तारेत, कुठेच हे नसतं. भावजय हळूहळू खाली बसली. मडक्याला तिने दोन्ही हात लावले आणि विचारलं, "पानी प्याले का मंग?"

"प्याला, बाय. माझ्या हातनं प्याला."

तेव्हा भावजय रडली. तिचं रडणं ऐकून गोठ्यातली गुरंही उठून उभी राहिली. बाईने तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि ती शांत होईपर्यंत हलली नाही. अस्थी आम्ही काळू नदीत सोडल्या, सगळे विधी केले. दुसऱ्या दिवशी भावजयीने पाहुणीसाठी पेज केली आणि तिच्या आग्रहाने स्वतःही चार घोट घेतले.

घरातली पोकळी त्याने भरून निघाली नाही. भाऊ परत यावा हे माझं गाऱ्हाणं देवाने ऐकलं नाही आणि त्याचं दुःख अजून उरात आहे. त्या दिवशी कचेरीत जे घडलं त्याला काय म्हणावं, हेही मी कुणाला सांगायला जात नाही. पण ज्या काळात मी देवाकडे पाठ फिरवली होती, त्याच काळात एक परकी बाई माझ्या भावाला मांडीवर घेऊन समुद्र ओलांडत होती. आपण हाक मारली तरच देव येतो, अशी माझी समजूत होती. आता पूजा करताना मी काही मागत नाही. सगळं त्याच्या स्वाधीन करून हात जोडतो, आणि कुठेतरी कुणाच्या तरी उशाशी एखादं माणूस पाणी घेऊन बसलेलं असेल, एवढा विश्वास धरून बाहेर येतो.