कार्डाची मागची बाजू

आमच्या सरांचं मत ठाम होतं. डिस्चार्ज कार्ड एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहायचं असतं. पेशंटने ते फक्त जपून ठेवायचं. मला हे कधीच पटलं नाही. पण वटार गावच्या एक पेशंट काकी परत येईपर्यंत मी गप्प होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. लग्नानंतर साताऱ्याहून वसईला येऊन मी एका छोट्या खाजगी हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून नोकरीला लागले होते. सर तिथले मालक आणि फिजिशियन. निदानाला पक्के, हाताला यश असलेले. काकींची केळीची वाडी होती. पायाच्या जखमेत पू झाला, ताप चढला, म्हणून त्या आमच्याकडे दाखल झाल्या. सरांनी त्यांना बरं केलं, डायबेटिसची गोळी बदलली आणि आपल्या हाताने कार्ड लिहून घरी पाठवलं.

काही दिवसांतच सून त्यांना रिक्षात घालून परत घेऊन आली. अंग घामाने भिजलेलं, डोळे अर्धवट मिटलेले, हाकेला ओ नाही. रक्तातली साखर पार खाली गेली होती. शिरेतून ग्लुकोज दिलं तशा काकी हळूहळू डोळे उघडून बघायला लागल्या आणि पहिला प्रश्न त्यांनी मला केला, "बाय, वाडीचं पाणी बंद केलं का कोणी?"

झालं होतं ते सरळ होतं. त्या घरात आधीची गोळी होती आणि आमची नवीही. नावं वेगळी, आतलं औषध एकच. काकी दोन्ही घेत होत्या.

राउंडला आलेले सर सुनेवर चिडले. "जुन्या गोळ्या कशाला दिल्यात? कार्ड दिलं होतं ना?"

सुनेने पिशवीतून कार्ड काढून त्यांच्यासमोर धरलं. "यात लिहिलंय तसंच दिलं, डॉक्टर. जुन्या बंद करा असं कुठे लिहिलंय, तेवढं दाखवा."

सरांनी कार्ड हातात घेऊन पाहिलं आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. कार्डावर तसं काहीच नव्हतं. इंग्रजीतली आद्याक्षरं, तुटक अक्षरातली औषधं आणि खाली सही.

काकी दुसऱ्यांदा घरी निघाल्या तेव्हा मी कार्ड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत लिहिलं. काय झालं होतं, कोणती गोळी चालू, कोणती कायमची बंद, घाम सुटून थरथर व्हायला लागली तर लगेच साखर खाऊन इकडे या. सुनेकडून ते मोठ्याने वाचून घेतलं. त्या दिवसापासून माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक कार्डाची मागची बाजू मी भरायला लागले.

सरांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"ही काय बालवाडी आहे?"

"नाही सर. पण घरी गेल्यावर औषध आपण देत नाही, ते लोक देतात."

"हे बघ, आता डॉक्टरांवर ग्राहक कोर्टात केसेस होतात. जितकं लिहिशील तितकं आपल्या अंगाशी येईल."

"जे लिहिलं नव्हतं तेच अंगाशी आलं, सर. फक्त आपल्या नाही, काकींच्याही."

ते लाल झाले. मी बाहेर आले. पण दुपारी सुटलेल्या पेशंटचं कार्ड मी उलटं केलंच आणि खाली माझी पूर्ण सही ठोकली. कोर्टात जायची वेळ आलीच तर मी जाईन, दुसरं कोणी नको.

पुढे वसईतल्या डॉक्टरांच्या बैठकीत सरांनी माझी फिरकी घेतली. "आमच्याकडे एक निबंधलेखिका आहे." सगळे हसले. एक सर्जन म्हणाले, एवढं लिहायला वेळ कुणाला असतो? तेव्हा गोखिवऱ्याचे एक वयस्कर फॅमिली डॉक्टर उठले. "तुमची कार्डं माझ्याकडे येतात. मला त्यातलं अक्षर लागत नाही, म्हणून मी पेशंटलाच विचारतो, तुला काय झालं होतं? तो म्हणतो, कार्डात आहे." कोणी हसलं नाही. पण बदललंही काही नाही.

उलट सरांनी नवी कार्डं छापून आणली. मागच्या बाजूला भेटीच्या वेळा आणि हॉस्पिटलचे नियम, काठापर्यंत. लिहायला बोटभर जागा नाही. मी वेगळा कागद घेऊन तो टाचणीने जोडायला लागले. महिनाअखेरीस सरांनी मला दुसरी नोकरी बघायला सांगितलं. मी म्हटलं, "बघते. आजची कार्डं मात्र मीच लिहून जाणार."

नोकरी सोडून वसईजवळच तुळिंजला मी स्वतःचा दवाखाना टाकला, भाजी मार्केटच्या मागे, एका गाळ्यात. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांतून सुटलेली माणसं कार्ड घेऊन माझ्याकडे यायची. अक्षर लागलं नाही की मी पेशंटसमोरच त्या हॉस्पिटलला फोन लावायचे. पलीकडचा डॉक्टर वैतागायचा. "मॅडम, सगळं कार्डात आहे. तुम्ही डॉक्टर आहात ना?"

"आहे. म्हणूनच विचारतेय. रक्त पातळ करायची गोळी किती दिवस? सांगा, मी लिहून घेते."

आणि तो सांगेपर्यंत मी फोन ठेवत नसे.