बादलीच्या आधीची फाइल

वहिनी लग्न होऊन सुतारखान्यामागच्या घरात आली, त्याच आठवड्यात तिच्या डोक्यावरून एक खुर्ची गेली. खुर्ची तिच्यासाठी नव्हती. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे थोरल्यानं, ती धाकट्या भावाला फेकून मारली होती. धाकटा खाली वाकला, आणि त्याच्यामागे नवी नवरी चहाचा ट्रे धरून उभी. सासूबाई बटाटे सोलत होत्या. त्यांनी मान वर करून खुर्चीचा पाय मोडलाय का तेवढं बघितलं आणि म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. भांडत नाहीयेत. बोलतायत."

दोघांची बोलायची तऱ्हाच तशी. थोरला बोलतो ते खिळा ठोकल्यासारखं. "आण." "धर." "सोड." चौथा शब्द लागलाच तर तो हातानं बोलतो. धाकट्याचं उलटं. त्याला साधा रंधा मागायचा असला तरी तो आधी छाती फुगवतो, समोर हजार माणसं बसल्यासारखा हात पसरतो आणि म्हणतो, "दादा, आज मी तुझ्याकडे काहीही मागणार नाही. फक्त एक रंधा मागणार आहे." एवढ्यात दादाचं डोकं फिरलेलं असतं, आणि रंधा येतो तो हवेतून.

सासरे आबा. ते माणसांशी कमी आणि लाकडाशी जास्त बोलतात. "हं, इथं गाठ आहे होय तुला? लपवत होतीस?" त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं करवतीनं नेली आहेत. उरलेल्या बोटांनी ते फळीवरून असा हात फिरवतात, की ती फळीसुद्धा लाजत असेल.

सासूबाई गेल्या आणि दुसऱ्या वर्षी आबांनी मशीन घेतलं. पलंगाएवढं टेबल, त्याच्या वर रुळांवरून धावणारं डोकं, डोक्यात गरगरणारा कटर. कॉम्प्युटरवर जे काढाल ते खाली लाकडात कोरून निघायचं. शिकवायला आलेल्या माणसानं थोरल्याच्या हातात माउस दिला. थोरल्यानं तो असा दाबला की त्याचं टरफल निघालं. धाकट्यानं शिकायच्या आधी भाषण केलं. तो माणूस घामाघूम होऊन खाली बसला, तेव्हा कोपऱ्यात भुसा झाडत असलेल्या वहिनीनं विचारलं, "मी बघू का जरा?"

बघता बघता ती बसली, आणि बसली ती उठलीच नाही. कपाटाची दारं, पलंगाच्या पाठी, कठड्यांची नक्षी, सगळं तिच्या हातून निघायला लागलं. घरात सगळं कोणाचं ना कोणाचं होतं: चूल गेल्यावरही सासूबाईंचीच, दार आबांचं, नवरा तर त्याच्या रागाचा. मशीनसमोरची खुर्ची तेवढी तिची.

मग धाकट्यानं थोरल्याच्या एका मोठ्या कपाटाची फाइल पुसली. "चुकून," तो म्हणाला. थोरल्यानं कॉम्प्युटरचा स्क्रीन वायरीसकट उपटला आणि धाकट्याच्या पाठीत घातला. धाकटा उठला तो हातात पाना घेऊनच. थोरल्याचा दात पडला, स्क्रीनचा चुरा झाला, आणि कपाट, जे काढायला वहिनीनं डोळे फोडले होते, ते कायमचं गेलं.

नवा स्क्रीन विकणारा दुकानदार म्हणाला, "ताई, कॉपी ठेवत जा. रोज. तारीख टाकून. या एवढ्याशा हार्ड डिस्कमध्ये सगळं राहतं, आणि काही बिघडलं की मागची फाइल परत लावता येते."

वहिनीनं डिस्क घेतली. पण रोज काही जमेना. संध्याकाळ झाली की स्वयंपाक, आणि स्वयंपाकात कुठली आठवण. आठवण यायची ती भांडणं सुरू झाल्यावर. थोरल्याचं "ए" चढून "ए ए" झालं की वहिनी ओढणीला हात पुसत पळायची, डिस्क जोडायची आणि पहिला घाव पडायच्या आत कॉपी काढून मोकळी व्हायची. नंतर काय फुटेल ते फुटो. तारीख टाकायला वेळ कोणाला होता? कॉपीला ती भांडणाचंच नाव द्यायची. 'पान्याच्या आधी'. 'आरशाच्या आधी'. 'पाहुण्यांसमोर'. घरात सगळ्यांची दिवसांची गणतीही तशीच. गिऱ्हाइकानं विचारलं, आमचं टेबल कधी दिलंत हो, की थोरला म्हणायचा, "याला आरशात घातला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

ही युक्ती इतकी चांगली चालली की भावांनीच तिला शस्त्र केलं. वहिनी जेवायला गेली की धाकटा खुर्चीत बसून थोरल्याच्या कामात आपली नक्षी घुसवायचा. थोरला येऊन बघायचा आणि वहिनीला एवढंच म्हणायचा, "मागची लाव." मागची लागली की धाकट्याची नक्षी गायब. मग धाकट्याचं भाषण. मग 'ए'. मग 'ए ए'.

बादलीचा दिवस सगळ्यांत वाईट. धाकट्यानं सरसाची अख्खी बादली थोरल्याच्या डोक्यावर उपडी केली. थोरल्याला दिसेना, पण हात चालत होते. त्यानं आवाजाच्या दिशेनं धाकट्याचा गळा पकडला, ओढत नेला आणि चालू करवतीच्या टेबलावर त्याचं डोकं दाबलं. पातं केसांपर्यंत आलं. काही केस उडालेही. आबांनी भिंतीवरचा मोठा खटका ओढला आणि सुतारखाना एकदम गप्प झाला.

"आता ऐका," आबा म्हणाले. या खेपेला लाकडाशी नाही, माणसांशी. "यापुढं जो हात उचलेल तो या दारातून बाहेर. मुलगा असो, कोणीही असो. परत आत नाही."

आबांची ही धमकी नव्हती. सख्ख्या भावाला त्यांनी असंच काढलं होतं, आणि तो गेल्याचा निरोप आला तेव्हाही ते हातातली फळी पूर्ण करूनच उठले होते. वहिनीनं नवऱ्याकडे बघितलं. हात आधी कोणाचा उठणार हे ती जाणून होती. थोरला बाहेर गेला की त्याच्यामागे तीही बाहेर. मशीन आत.

त्यानंतर मात्र नवल घडलं. एका डॉक्टरीणबाईंच्या घराचा गोल जिना बादलीच्या आधीच मिळाला होता, तो आता करायला घेतला. पहिलीच जाड फळी टेबलावर चढवली, तर ती मधून फुगलेली. लाकूड टेबलाला आवळून धरणारे लोखंडी शिकंजे कडांना लावले की मध्य उठायचा. थोरला म्हणाला, "मध्ये लाव." धाकटा म्हणाला, "दादा, आयुष्यात पहिल्यांदा तू बरोबर बोललास." वहिनीचा हात डिस्ककडे गेला. पण थोरला हसला. खरंच हसला, पडलेल्या दाताच्या खिडकीतून. दोघांनी मिळून शिकंजे मध्ये सरकवले, वहिनीनं कटरची वाट त्यांना वळसा घालून नव्यानं काढली, धाकट्यानं कठड्याचा बाक सुचवला आणि थोरल्यानं तो मान्य केला. दिवसभर कोणी कोणाला शिवी दिली नाही. संध्याकाळी वहिनी गुणगुणत घरी गेली. दोघं एकमेकांना चहा ओतून देत होते, आणि आबा दारात उभे राहून पाऊस पडतोय का असं आकाशाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी ती जेवून परत आली तर थोरला स्क्रीनसमोर. तोंड लाल, हात दोन्ही काखेत दाबून धरलेले, सुटू नयेत म्हणून. धाकट्यानं कठड्याच्या बाकाला एक वेलबुट्टी जोडली होती आणि फाइल तशीच सेव्ह करून ठेवली होती.

"कला आहे ती, दादा," धाकटा टेबलाशी वाकून भुसा फुंकत म्हणाला. "तुला कळायची नाही. तुझ्या डोक्यात अजून सरस आहे."

थोरल्याचे हात काखेतच राहिले. वहिनीला त्याचा अभिमान वाटला. "अगं," तो म्हणाला, "मागची लाव."

"अहो, थांबा. मी ही वेलबुट्टी तेवढी काढते."

"मागची. लाव."

तिनं डिस्क जोडली. सगळ्यांत अलीकडची कॉपी होती 'बादलीच्या आधी'. जिन्याचं पहिलं चित्र तेव्हाच काढलं होतं, पायऱ्या त्याच, मापं तीच. थोरला शेजारी उभा राहून धापा टाकत होता, आणि तिला घाई होती त्याचे हात काखेतून निघायच्या आत काम सुरू करायची. तिनं ती लावली. बटण दाबलं.

त्या फाइलला मधले शिकंजे माहीतच नव्हते. ते सरकवले त्या दिवशी कोणी ओरडलं नव्हतं, म्हणून त्या दिवसाची कॉपीच नव्हती.

कटर सरळ रेषेत धावत आला आणि पूर्ण वेगात लोखंडावर बसला. कानठळ्या बसल्या. ठिणग्यांचा फवारा, शिकंज्याचा तुकडा छताला, आणि कटरचं मोडकं टोक सूं करून धाकट्याच्या डोक्याला घासून गेलं. धाकट्यानं कानाला हात लावला. हात बाजूला घेतला तर तळव्यावर रक्त आणि रक्तात कानाची पाळी.

त्यानं आधी पाळीकडे बघितलं. मग दादाकडे.

"तू," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं भाषण एका शब्दाचं झालं.

"भावजी, नाही हो," वहिनी लाल बटणावर हात आपटून मशीन थांबवत ओरडली. "फाइल मी लावली. त्यांना काही माहीत नव्हतं."

ऐकतोय कोण. धाकट्यानं दादाच्या पोटात डोकं घातलं आणि दोघं फळ्यांच्या ढिगावर कोसळले. थोरल्यानं गुडघा वर घेतला, धाकट्याच्या नाकाचं हाड कुर्र वाजलं. धाकट्यानं त्याच्या खांद्याला दात लावले आणि मांस तोंडात धरूनच गुरगुरत राहिला. थोरल्यानं त्याचं डोकं केसांना धरून जमिनीवर आपटलं, एकदा, पुन्हा एकदा, फुटलेल्या कानाच्या बाजूनं, मुद्दाम. भुसा रक्त पीत होता. मग कसा कोण जाणे धाकटा वर आला. त्यानं दादाचा हात मशीनच्या टेबलावर दाबून धरला आणि कामाच्या बाकावरची रुंद पात्याची पटाशी उचलली.

"या हातानं," तो रडत रडत म्हणाला. "या हातानं तू मला लहानपणापासून..."

पटाशी वर गेली. वहिनीच्या हाताला मोगरी लागली, पटाशीवर ठोकायचा तो लाकडी ठोकळा. तिनं विचार केला नाही. दोन्ही हातांनी उचलून तिनं ती धाकट्याच्या कोपरावर घातली, जीव खाऊन, इतकी वर्षं चुकवलेल्या सगळ्या खुर्च्यांचा हिशेब करून. हाड तडकल्याचा आवाज तिला स्वतःच्या दातांत ऐकू आला. पटाशी तिरपी उतरली, थोरल्याच्या करंगळीची कातडी सोलत टेबलात रुतली आणि तिथंच थरथरत राहिली.

थोरल्यानं मोकळा झालेला हात भावाच्या गळ्याकडे नेला. वहिनीनं त्याच मोगरीनं नवऱ्याच्या मनगटावर दिली.

"बास," ती म्हणाली. "तुम्हीपण."

दोघं जमिनीवर बसले, आपापले अवयव धरून, आणि तिच्याकडे असे बघत राहिले जणू मशीननंच उठून मारलं.

आबा दारात होते. किती वेळ, देव जाणे. ते हळू आत आले, पटाशी उपटली, धार बघितली, बाकावर ठेवली.

"हात कोणी उचलला?"

धाकटा कोपर पोटाशी धरून म्हणाला, "कोणी नाही, आबा. कटर तुटला. मी पडलो."

"तू?"

"पडलो," थोरला म्हणाला. खांद्यात भावाच्या दातांची अख्खी ओळ उमटलेली.

वहिनीच्या हातात मोगरी तशीच. ती कुठं लपवणार? आणि लपवली तर हे दोघं उद्या पुन्हा हेच करणार. "मी उचलला, आबा," ती म्हणाली. "दोघांवर. आणि चुकीची फाइलही मीच लावली. भावजींचा कान माझ्यामुळे गेला."

"आबा, तिला..." थोरला उठायला लागला.

"बस खाली." आबा वहिनीकडे वळले. "मी काय म्हणालो होतो?"

"जो हात उचलेल तो बाहेर. मुलगा असो, कोणीही असो."

"हं."

आबांनी उरलेल्या बोटांनी फळीवरून हात फिरवला. कटरनं नको तिथं ओढलेली खोल चीर, तिच्या कडेला थोरल्याचं रक्त. "ही गेली," ते फळीला म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, "कालचं चित्र? ते चांगलं होतं. ते लाव."

"ते नाहीये, आबा. त्या दिवसाची कॉपी मी काढलीच नाही."

"का?"

"कोणी भांडलंच नाही ना."

आबांनी फळीवरचा भुसा झटकला. मग म्हणाले, "जिना ज्या तारखेला कबूल केलाय त्या तारखेला गेला पाहिजे. तो झाला की तू जा."

टाके घालून आणि हात प्लास्टरमध्ये बांधून दोघांना परत आणलं, तेव्हा वहिनीनं त्यांना आपल्या दोन्ही बाजूंना बसवलं. त्या चांगल्या दिवसाचं चित्र जगात कुठंच उरलं नव्हतं, उरलं होतं ते या दोघांच्या डोक्यात, अर्धं अर्धं. धाकट्याच्या डोक्याला पट्टी, नाकात बोळे. "बाक इथून सुरू झाला होता, वहिनी." "वर," थोरला म्हणाला. "वर नाही रे, दादा, तू तेव्हा खाली म्हणाला होतास." "वर." वहिनीनं मोगरी मांडीवर घेतली. "असेल वर," धाकटा म्हणाला.

बाक बसला, शिकंजे मध्ये आले, कटरला वळसा मिळाला. दोघंही गप्प झाले आणि बघत राहिले. त्या गप्प बसण्यात वहिनीनं डिस्क जोडली आणि कॉपी काढली.

जिना वेळेवर गेला. डॉक्टरीणबाईंनी धाकट्याचा कान बघून कोणी शिवला असं विचारलं आणि नाक मुरडलं. जिना पोचता केला त्या संध्याकाळी वहिनी आपली पिशवी भरून आबांसमोर उभी राहिली. थोरला स्वतःची पिशवी धरून तिच्यामागे, आणि थोरल्यामागे, प्लास्टर सांभाळत, धाकटा. त्याचीही पिशवी.

आबा एका फळीच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"शाळेच्या बाकांचं काम आलंय," ते म्हणाले. "तेवढं झालं की निघ."

"हो, आबा," वहिनी म्हणाली, आणि पिशवी नवऱ्याच्या हातात ठेवून मशीनकडे गेली.

बाकांनंतर दवाखान्याची कपाटं आली, कपाटांनंतर दुकानाची फडताळं. आबा प्रत्येक वेळी सांगतात, एवढं झालं की निघ. वहिनी प्रत्येक वेळी हो म्हणते. भाऊ अजून बोलतात तसेच बोलतात, परवाच थोरल्यानं डब्याचं झाकण फेकून मारलं. पण आधी दोघंही एक नजर वहिनीच्या मांडीवरच्या मोगरीकडे टाकतात.