दाजी पॅरिसला गेले नव्हते

लंडनला निघाले तेव्हा गल्लीतल्या बायकांनी मला राजवाडा, घड्याळाचा मनोरा आणि नदीकाठचा तो मोठा पाळणा बघून यायला बजावलं होतं. मी मान डोलावली आणि मनातल्या मनात तिन्हींनाही फाटा दिला. मला बघायची होती एका पडेल हिंदी सिनेमाची ठिकाणं. सिनेमाचं नाव सांगून उपयोग नाही. तो कोल्हापुरातही आठवडाभर टिकला नव्हता, आणि आमचं गाव सिनेमाच्या बाबतीत किती सोशिक आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यातल्या एका गाण्यात आमचे दाजी आहेत. निदान ताईचं तरी तसं म्हणणं होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुधाताईचे, यजमान. तरुणपणी डॉक्टर होऊन पूर्व लंडनच्या एका हॉस्पिटलात आले आणि इथलेच झाले. त्या वर्षांत कधीतरी मुंबईहून शूटिंगवाले आले होते. रस्त्यावर फिरायला माणसं हवी होती, म्हणून रविवारी सुट्टी असलेले दाजी आणि त्यांचे मित्र पुरीभाजीच्या बोलीवर हौसेनं गेले. ताई घरी तान्ह्या समीरला घेऊन बसली होती. पुढं तो सिनेमा लंडनला लागलाच नाही. दाजींनी स्वतःला पडद्यावर कधी पाहिलं नाही, आणि दोन वर्षांपूर्वी ते गेले.

ते गेल्यावर ताईला ते गाणं इंटरनेटवर सापडलं. नायक-नायिका झाडाभोवती फिरून दमतात, कॅमेरा एका रस्त्याकडे वळतो आणि राखाडी ओव्हरकोटातला एक सडपातळ तरुण उतारावरून समोर चालत येतो. पापणी लवेतो संपतं. तरुण दाजी हलताना, चालताना दिसतील असं दुसरं काहीही घरात नाही. सगळे फोटो, तेही बहुतेक लग्नातले, घाबरलेले. ताई रोज दुपारच्या चहाला ते गाणं लावायची.

इल्फर्डला तिच्या घरी पोचले तेव्हा मात्र तिनं गाणं लावणं सोडलं होतं. जेट लॅगनं माझे डोळे मिटत होते, पण साबुदाण्याची खिचडी पुढ्यात होती म्हणून जागी होते. "तो माणूस हे नव्हेतच असं समीर म्हणतो," ताई म्हणाली. "आणि त्याचं बरोबर असेल तर? वसू, रोज एका परक्या पुरुषाकडे बघून रडत होते की काय मी? ह्यांना काय वाटलं असेल?"

मी हसणार होते, पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि घास गिळला.

समीर तिचा मुलगा. इथंच वाढलेला, फार्मसिस्ट, पन्नाशीला टेकलेला. मायाळू आहे, पण औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचावं तसं सगळं आयुष्य वाचतो. त्यानं मला फोनवर गाणं थांबवून थांबवून दाखवलं. "मावशी, बघ. हा पार्ट पॅरिसमधला आहे. स्टोरीमध्ये ते पॅरिसला जातात. आणि गाड्या बघ, राइटने जातात. युकेमध्ये लेफ्टने जातात. बाबा त्या वर्षी पॅरिसला गेलाच नव्हता. आणि बाबाचा भांग लेफ्टला होता, याचा राइटला आहे. याच्या कोटची बटणंपण बायकांच्या कोटसारखी आहेत. बाबाला कट केला असणार. इट हॅपन्स."

मी चाळीसेक वर्षं भूगोल शिकवला. पुराव्यापुढं मान तुकवायची मला सवय आहे. पण ताईचं एकच पालुपद होतं: दाजी नेहमी सांगायचे, शूटिंग कॅमडेनच्या वरच्या अंगाला, टेकडीजवळ झालं होतं. तिला ती जागा बघायची होती. गुडघे आणखी बिघडायच्या आत.

पहिल्या दिवशी आम्ही दोघी जुन्या गोद्यांकडे गेलो. नायक तिथं बोटीवरून उतरतो. मागं क्रेनांचं रान, धूर, पोती, कामगार. आता तिथं काचेचे मनोरे आहेत आणि त्यांच्या पायाशी जेवणाच्या सुट्टीत पळणारी सुटाबुटातली मुलं. मला वाटलं, संपलं, सगळं पुसून टाकलं. मग ताईनं काठीनं दाखवलं. पाण्याच्या कडेला एक जुनी क्रेन तशीच उभी ठेवली होती, रंगवून, जपून. मी फोनवरचं चित्र समोर धरलं. मला तर ती सिनेमातलीच क्रेन वाटली. कुत्र्याला फिरवणारा एक म्हातारा थांबला आणि काय शोधताय म्हणून त्यानं विचारलं. मी सांगितलं.

"माझे वडील इथं ओझी वाहायचे," तो म्हणाला. "तेव्हा इथं कुणी सिनेमा काढेल असं त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं." मग फोनवरचं गाणं त्यानं शेवटपर्यंत पाहिलं आणि नायकाच्या पॅन्टचं मनापासून कौतुक केलं.

या शहराचं मला हे फार आवडलं. जुनं पाडायला इथले लोक मागंपुढं पाहत नाहीत, पण एखादा तुकडा असा ठेवतात की शोधायला आलेल्याला हात लावायला काहीतरी मिळावं. नायिका जिथं फुलं घेते तो मंडईचा जुना सांगाडाही असाच सापडला: वर तेच लोखंडी छप्पर, खाली महागडी हॉटेलं. बस ताईसाठी फुटपाथपर्यंत खाली वाकायची, तेव्हा तर मला तिला नमस्कार करावासा वाटे. आमच्याकडे बस थांबली तरी आपण धन्य होतो.

दुपारी बागेत बाकावर बसून ताईनं आणलेली थालीपिठं खाल्ली. बाकावर कुणा गेलेल्या बाईचं नाव कोरलेलं होतं, तिला इथून दिसणारा देखावा आवडायचा म्हणून. शेजारी बसलेल्या गोऱ्या आजींचं लक्ष आमच्या डब्यात. मी तुकडा पुढं केला, वर लिंबाचं लोणचं. आजी लाल झाल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आणखी थोडं मिळेल का?" ताईनं लगेच अर्धं थालीपीठ त्यांच्या रुमालात बांधून दिलं. तेवढ्यात वाऱ्यानं माझी कोल्हापुरी छत्री उलटी करून टाकली, तिला तिथंच कचऱ्याच्या डब्यात मूठमाती दिली.

शनिवारी समीरही आला. "तुम्ही दोघी हरवाल," म्हणाला, पण आईला एकटीला निराश होऊ द्यायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. कॅमडेनचा बाजार म्हणजे जत्राच: कानात, नाकात, भुवईत डूल घातलेली माणसं आणि जगातल्या सगळ्या देशांची भजी. तिथून वर चढलो आणि आवाज मागं पडला. फिकट गुलाबी, निळ्या, पिवळ्या घरांच्या रांगा, दारांना पितळेच्या चकचकीत कड्या. तिथं क्रेसेंट (चंद्रकोरीसारखी वळत गेलेली घरांची ओळ) बऱ्याच आहेत. एकेक पाहत निघालो. एकीच्या पायथ्याशी ताई थांबली.

"हाच रस्ता."

चढ होता. मध्यावर गोल बुरुजाचं घर होतं, टोकदार टोपी घातल्यासारखं. सिनेमात अगदी तसंच घर आहे! माझ्या अंगावर काटा आला. पण मी भूगोलाची बाई. फोन काढून ताडून पाहिलं. सिनेमात रस्ता उजवीकडे वळतो आणि बुरूजही उजवीकडे आहे. इथं दोन्ही डावीकडे.

"दुसऱ्या टोकाकडून घेतलं असेल," ताई म्हणाली. तिचे गुडघे आणि आमचे हात धरून वर गेलो. तिथून वळण उजवीकडे आलं, बुरूजही उजवीकडे आला, पण रस्ता खाली जायला लागला. सिनेमात तो माणूस उतार उतरत कॅमेऱ्याकडे येतो. इथं त्याला चढून यावं लागलं असतं. एक धरावं तर दुसरं सुटत होतं.

"नाही ताई," मी निकाल दिला. "असली घरं युरोपात पैशाला पासरी असतील."

ताई म्हणाली, "बरं." आणि ती पुन्हा खाली वळली. तिनं पिशवीतला रुमाल काढला, घडी घातली, परत ठेवला. माझ्या शहाणपणाचा मला तेव्हा राग आला.

उताराच्या पायथ्याशी, रस्त्याला तोंड करून, एक जुनं चहाचं दुकान होतं. मालकीणबाई सायप्रसच्या, ताईच्याच वयाच्या. ताईनं दाराकडे पाठ करून भिंतीकडची खुर्ची घेतली, कारण तिच्या पाठीला ड्राफ्ट (फटीतून येणारा गार वारा) सोसत नाही. चहा आला, स्कोन (जाड, गोडसर पावासारखा प्रकार) आले. स्कोनवर आधी साय की आधी जॅम यावरून समीर मला काहीतरी समजावत होता. ताई समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"वसू," ती म्हणाली, "ते गाणं लाव बघू."

"कशाला आता?"

"लाव म्हणते ना."

तिच्या समोर भिंतभर जुना आरसा होता. आमच्या मागची खिडकी त्यात दिसत होती, आणि खिडकीतून तोच चढ, तीच घरं. ताईनं फोन आरशाशेजारी धरला आणि गाणं बुरुजाच्या घरावर थांबवलं. आरशात रस्ता उजवीकडे वळत होता. बुरूज उजवीकडे होता. एक लाल व्हॅन वर गेली, आरशात तीही रस्त्याच्या उजव्या अंगानं गेली. पॅरिसमध्ये जाते तशी.

समीरच्या हातातली सुरी तशीच राहिली. "ओ माय गॉड. दे फ्लिप्ड इट. मावशी, फिल्म उलटी लावली त्यांनी! पॅरिसला जायला बजेट नसणार. इथंच शूट केलं आणि गाड्या राइटने दिसायला फिल्म उलटी छापली!"

काय डोकं म्हणावं! एक पैसा जास्त न घालता लंडनचं पॅरिस केलं. गाण्यात दुकानांच्या पाट्यांसमोर फुग्यांचे घोस का होते तेही आता कळलं: अक्षरं उलटी दिसली असती. त्या पडेल सिनेमाच्या अनामिक कलाकारांना मी तिथंच हात जोडले. त्यांच्या पॅरिसमध्ये एक फ्रेंच माणूस नव्हता, नुसते पुरीभाजीवर खूश झालेले सांगली-मिरजेकडचे डॉक्टर.

समीर फोनवर खुडबुड करत होता. मग त्यानं तो आईच्या हातात दिला. चित्र आता सुलटं होतं. रस्ता डावीकडे वळला, गाडी डावीकडून गेली आणि राखाडी कोटातला तरुण उतारावरून आला. भांग डावीकडे. बटणं पुरुषांच्या कोटासारखी. दाजी. मी त्यांना ताईच्या लग्नाच्या मांडवात पाहिलं होतं, कोल्हापुरी मिसळीनं घामाघूम झालेले; तेच, अगदी तेच.

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिनं ते पुसलंही नाही. मालकीणबाई घाबरून धावत आल्या. काही झालं का, चहा बिघडला का?

"नाही हो," मला दुसरं इंग्रजी सुचेना. "तिला तिचा नवरा दिसला."

बाईंनी वळून खिडकीबाहेर पाहिलं. "मग बाहेर का उभे आहेत? आत बोलवा की, केवढा गारठा आहे."

समीर उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

नंतर आम्ही बाहेर आलो. ताईनं दाजी चालत आले तो फुटपाथ शोधला आणि समीरला वर पिटाळलं. खिशात हात घालून चालत ये, कॅमेऱ्याकडे बघू नकोस. मी फोन धरला. तो आला, आणि जवळ येऊन थांबला.

"आई, माझी चूक झाला. पण तू कसं ओळखलं? भांग राँग, कोट राँग, सगळंच राँग होता."

"भांग कोण बघतंय रे," ताई म्हणाली. "चाल बघितली मी. कुठं उशीर झालेला नसताना उशीर झाल्यासारखी. जन्मभर तशीच होती." मग माझ्याकडे बोट केलं. "आणि तू गं, भूगोलवाली!"

समीर पुन्हा फोनमध्ये बघत होता. "बाबा किती यंग आहे," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा खूप लहान."

ताईनं त्याच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं.

मी परत येऊन आता महिना झाला. गल्लीतल्या बायका राजवाड्याचे फोटो मागतात आणि मी त्यांना एका साध्या रस्त्याचा फोटो दाखवते. त्या माझ्याकडे दयेनं पाहतात. लोक म्हणतात, लंडन पार बदललं. बदललंच. ज्या शहरात ताई नवी नवरी म्हणून आली त्याचं काय उरलंय म्हणाल तर एखादी क्रेन, एखादं छप्पर, एखादा बुरूज. पण माणूस ओळखायला तेवढं पुरतं. तेवढं राखणाऱ्या त्या शहराची मी ऋणी आहे.

काल संध्याकाळी ताईचा फोन आला. तिच्याकडे दुपार. गुडघ्यांचं झालं, समीरचं झालं, इल्फर्डच्या बाजारात हापूस किती महाग आहे तेही झालं. मी आणखी काही सांगणार तेवढ्यात पलीकडे कपबशी वाजली.

"बरं, ठेवते गं आता," ताई म्हणाली. "ह्यांची यायची वेळ झाली."