बंडीवाले पाय

विमान उडवायला शिकताना आधी ते जमिनीवर सरळ पळवायला शिकावं लागतं. हवाई दलाच्या प्रशिक्षणात आमच्यापुढे जी उद्दिष्टं ठेवली होती, त्यांत हे सगळ्यात सोपं समजलं जाई. विमान डावीकडे ओढू लागलं की उजव्या पायाखालचं पेडल दाबायचं, उजवीकडे ओढू लागलं की डाव्या. शेंबड्या पोरालाही कळेल. माझ्या डोक्यालाही कळत होतं. पाय मात्र चिमूरकडचे होते.

आमच्याकडे बंडी हाकताना डाव्या पायाने डाव्या बैलाला ढोसलं की तो पुढे सरतो आणि बंडी उजवीकडे वळते. लहानपणापासून पायांत हेच भिनलेलं. त्यामुळे घाई झाली की मी नेमका उलटा पाय दाबत असे. एकदा तर विमान धावपट्टी सोडून गवतात शिरलं. शिक्षक संतापले नाहीत, याचीच मला जास्त धास्ती वाटली. सुटीवरून आल्यावर आणखी एकच संधी, तोवर पायांना विचार न करता जमलं पाहिजे, नाहीतर कायमचं घरी, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

सुटीत बंडीला हात लावायचा नाही, असं मी ठरवून टाकलं. धानाची कापणी झालेली, भारे वाहायचे पडलेले, आणि मी अंगणात बाजेवर बसून दोन विटांवर आळीपाळीने पाय दाबतोय. शेजारीपाजारी येऊन बघून जात. आईला वाटलं, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. बाबांना मी सगळं समजावून सांगितलं होतं, पण शेतकऱ्याच्या पोराने बंडीला भ्यावं हे काही त्यांना पटलं नव्हतं. बैल सोडताना ते माझ्या विटांकडे बघत. शिवाय विटा काही धावत नाहीत. पाय शिकले की नाही हे मलाच कळत नव्हतं.

परतायच्या दिवशी सकाळी बाबा मला बंडीत शेजारी बसवून चिमूरच्या मोटारीवर सोडायला निघाले. वाटेत जंगलातला नाला लागला. पाणी किती आहे ते बघायला बाबा खाली उतरले आणि जाताना कासरा माझ्या हातात देऊन गेले. मी नको नको म्हणत होतो. तेवढ्यात झुडपातून रानडुकरं निघाली, बैल बुजले आणि बंडी उतारावरून भरधाव डावीकडे जाऊ लागली. डावीकडचा काठ तुटलेला होता. मी पाय दाबला. उजवा. उजवा बैल आणखी जोरात सुटला, बंडी आणखीच डावीकडे गेली. चाक एका सागाच्या बुंध्यावर आदळलं, म्हणून वाचलो. खाली नाल्यातले दगड दिसत होते.

बाबा पाण्यातून धावत वर आले आणि त्यांनी जू धरून बैल शांत केले.

"काऊन रे? उजवा पाय काऊन मारला?"

"मी नाई मारला, बाबा. आपोआप गेला."

आपण काय बोललो ते मला बोलून झाल्यावर उमगलं. अंग घामाने भिजलेलं, त्यातच मला हसू फुटलं आणि मग रडू आवरेना. बाबांनी माझ्या पायांकडे बघितलं.

"म्हंजे शिकला तू," ते म्हणाले. "चाल, मांगं बस आता. बंडी तुह्यानं होत नाई."

आमच्या बंडीत मागे पाहुण्यांना बसवत. मी तिथे जाऊन बसलो.